खुराकाचा हिवाळा

जत्रांचे दिवस लागले की मी गारगोटीहून एस.टी.ने माहेरी येते. उचगावला उतरेपर्यंत वाटेतल्या प्रत्येक गावात कुस्ती मैदानाचे फलक दिसत राहतात. पूर्वी ही जाहिरात गेरूने भिंतीवर लिहिलेली असायची, नुसती पैलवानांची नावं आणि त्यांच्या तालमी. आता माणसापेक्षा मोठे रंगीत फलक असतात आणि त्यांवर दंडातली बेंडकुळी फुगवून पोरं उभी असतात. मला ती सगळी एकाच आईची लेकरं वाटतात. खिडकीची काच पुरती लागत नाही, गार वारा कानात शिरतो, गुऱ्हाळाचा गोड वास गाडीत घुसतो आणि मला बरं वाटायला लागतं. माहेरच्या वाटेवर कोणत्याही वयाच्या बाईला बरंच वाटतं. पण कोल्हापूर शहर जवळ आलं की रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर उकळणाऱ्या चहाचा वास सुरू होतो आणि माझं डोकं फिरतं. एरवी मी दिवसभर चहा पिणारी बाई आहे. पण या दिवसांतला, या रस्त्यावरचा चहा मला चालत नाही.

यंदा घरात पाऊल टाकलं तर स्वयंपाकघरात भांडण पेटलेलं. ओट्यावर एक काळा प्लॅस्टिकचा डबा होता, चांगला घागरीएवढा. त्याच्या एका बाजूला माझा दादा आणि दुसऱ्या बाजूला त्याची नात वैष्णवी. ही पोरगी वजनं उचलते. म्हणजे खरोखरची, लोखंडी, दोन्ही हातांनी डोक्यावर. दादा एकेकाळचा नामी पैलवान. दोन्ही कान मोडलेले, मान अजून खांद्यात रुतलेली, आवाज मात्र आता थोडा फाटलाय.

"इख हाय हे, इख," दादा डब्याकडे बोट करून म्हणत होता. "आमच्या येळंला असलं काय नव्हतं. घरचं दूध, घरचं तूप, बदाम. त्याच्यावर डोंगरागत माणसं उभी ऱ्हायली."

"आजोबा, हे दुधातनंच काढत्यात," वैष्णवी म्हणाली.

"दुधातनं काढायचंच कशाला म्हणतो मी? सरळ दूध पी की!"

"किती पिऊ? पोट फुटंल माझं. सर म्हणालेत, जेवण हायच, हे वरनं."

दादा माझ्याकडे वळला. "सांग की गं शालन हिला. तू बघितलंयस सगळं."

"आधी मला पाणी तरी द्या कुणीतरी," मी म्हणाले.

पाणी पिऊन झाल्यावर, दादा बाहेर गेला तेव्हा, मी वैष्णवीकडून चिमूटभर पावडर मागून घेतली आणि जिभेवर ठेवली. वरवर चॉकलेट. मग ते चॉकलेट विरलं आणि टाळूला चिकटणारी, खडूसारखी एक जुनी चव खाली उरली. ती चव मला ओळखीची होती. मी दोनदा ती चाखली आहे, एकदा लहानपणी आणि एकदा कॉलेजात असताना. दुसऱ्यांदा चाखली तो हिवाळा माझ्या अंगातून अजून गेलेला नाही.

लहानपणी शाळेत आम्हाला पावडरीचं दूध मिळायचं. मोठ्या पातेल्यात गरम पाणी, त्यात ती पावडर, आणि लाकडी डावाने ढवळणारा शिपाई. गुठळ्या तशाच राहायच्या. बाकीची पोरं नाकं मुरडायची, कोणी हळूच भिंतीकडेला ओतून द्यायची. मला ते आवडायचं. गुठळी दाताखाली आली की मी ती पुरवून पुरवून खायची. कारण सरळ होतं. आमच्या दारात दुभती म्हैस होती आणि तिचं दूध माझ्यासाठी नव्हतं.

ते दादाचं होतं. दादाला कोवळ्या वयातच कोल्हापुरात तालमीत ठेवला होता. गाव शहराला लागून असलं तरी पैलवानाने तालमीतच राहायचं, तिथेच झोपायचं, लाल मातीत अंग घुसळायचं, वस्तादांच्या नजरेखाली जोर-बैठका मारायच्या, असा रिवाज. आणि घराने त्याचा खुराक पोचवायचा. खुराक या शब्दात आमचं सगळं घर मावलेलं होतं. धारा काढल्या की दूध पितळी किटलीत जायचं, किटली आबांच्या सायकलच्या हॅंडलला आणि आबा मफलर गुंडाळून तालमीच्या वाटेला. वडलांना आम्ही आबा म्हणायचो. किटल्या दोन होत्या, जाताना एक भरलेली, येताना आदल्या दिवशीची दुसरी, रिकामी. थंडीत त्यांच्या भुवयांवर दंव साचलेलं असायचं. एकदा ते सायकलवरून पडले, गुडघा फुटला, आणि घरी आल्यावर पहिलं वाक्य काय म्हणाले, तर "दूध न्हाय सांडलं." किटलीच्या काठाला मात्र पोचा आला तो आलाच.

त्या पोचा आलेल्या किटलीवर आईचं नाव होतं, सौ. अनुसया. जत्रेतल्या नाव घालणाऱ्याकडून ठोक्याठोक्यांनी घालून घेतलेलं. त्यातला 'या' थोडा खाली घसरलेला होता. लहानपणी अक्षरं ओळखायला लागले तेव्हा त्या ठिपक्यांवरून बोट फिरवत बसायची मी.

आमच्या घरी चहा कोरा, गुळाचा. पाहुणे आले तरी कोराच. पैलवानाचं घर आहे म्हटल्यावर कुणी नावं ठेवत नसे, उलट बरं म्हणत. "पोराच्या तोंडचं कशाला काढायचं पावणं, कोराच बरा," असं येणारा माणूस स्वतःच म्हणायचा. मटण शिजलं की नळी आणि काळीज डब्यात आणि आम्हाला तांबड्या रश्श्यात कुस्करलेली भाकरी. लोणी कढवलं की तूप दादाच्या बरणीत, आणि पातेल्याच्या बुडाला खरवडून निघणारी बेरी माझी. बदाम भिजवून सोलायचं काम माझं. ओल्या बदामाचं साल दोन बोटांत धरून दाबलं की आतला पांढरा गर टुणकन उडतो. ती सालं मी खायची. थोडी तुरट लागतात, पण बदामाचा वास असतो त्यांना. उरलेली म्हशीच्या आंबोणात, तिच्या भिजवलेल्या खाद्यात, जायची. आम्हा दोघींचा खुराक एकच होता असं मी गमतीनं म्हणते, आणि म्हणून झाल्यावर मला हसू येत नाही.

पण तेव्हा, खरं सांगते, मला याचं काही वाईट वाटत नव्हतं. दादा सुट्टीला आला की गल्ली भरून जायची. त्याच्या खांद्याला हात लावायला पोरं यायची. तो आमचा होता. माझ्या न प्यालेल्या दुधाचे ते खांदे झालेत, त्यात माझंही काहीतरी आहे, असं मला वाटायचं. मैत्रिणींना मी सांगायची, आमच्यात सगळं दादाला असतंय. अभिमानानं सांगायची.

मग मी कॉलेजात गेले. उचगावातून शहरातल्या कॉलेजात जाणाऱ्या आम्ही मोजक्याच पोरी. तिथे खेळाच्या एक मॅडम होत्या. पांढऱ्या साडीचा पदर कमरेला खोचून मैदानावर उभ्या राहायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी माझं मनगट हातात धरून बघितलं, सोयरिकीला आल्यासारखं, आणि विचारलं, "शेतात काम करतेस?" मी म्हणाले, कडब्याच्या पेंढ्या रचते, आंबोणाची पाटी उचलते. त्यांनी माझ्या हातात लोखंडी गोळा दिला. थंडगार, गुळगुळीत, तळहातात बरोबर बसणारा. मानेशी धरून फेकायचा. मी फेकला तो इतर पोरींच्या कितीतरी पुढे जाऊन धप्पकन मातीत रुतला. आपल्या अंगात काहीतरी आहे आणि ते फक्त आपलं आहे, असं मला जन्मात पहिल्यांदा वाटलं.

मॅडम म्हणाल्या, या हंगामात विद्यापीठाच्या संघाची निवड आहे, तू येऊ शकतेस. "पण शालन, तुझी ताकद लवकर संपते. पहिला गोळा जातो तसा तिसरा जात नाही. पोटात काही हवं. रोज पेलाभर दूध घे, अंडं घे. भिजवलेले हरभरे खा. डब्यातली पावडर-बिवडर आणायला सांगत नाहीये मी, घरात आहे तेच सांगते."

घरात होतं. तेच तर होतं.

मी आईला विचारलं. ती धारा काढत होती, पितळेत धार वाजत होती. म्हशीच्या अंगाची ऊब, शेणाचा वास, फेसाचा वास. आई मान वर न करता म्हणाली, "जत्रा हुं दे. दादाची मोठी कुस्ती हाय यंदा. जत्रा झाली की मग तुझंच हाय सगळं." मी हो म्हणाले. माझा विश्वास बसला. आई कधी खोटं बोलायची नाही, निदान मला तसं वाटायचं.

तोवर मी शेंगदाणे आणि गूळ ओढणीच्या गाठीत बांधून न्यायची, वर्गात मागे बसून खायची. घरी सरावाला गोळा नव्हता, म्हणून शेताच्या बांधावरचा एक गोल गोटा गोठ्यामागे आणून ठेवला होता. तो फेकायची. धप्प, धप्प. एक दिवस आई बाहेर आली. "बंद कर ते. म्हस बिचकती, दूध चोरती." आवाजाने दचकलेली म्हैस सड आखडून घेते, पान्हा सोडत नाही, हे मलाही माहीत होतं. दादाचं दूध कमी पडलं असतं. मी गोटा बांधावर नेऊन टाकला आणि त्या दिवसापासून फक्त कॉलेजात फेकायची.

आणि मग तो चहा.

सराव संपल्यावर मॅडमनी आम्हा चार पोरींना चहाला नेलं. दादाच्या तालमीच्या कोपऱ्यावर एक छोटं हॉटेल होतं. बायकांना बसायला मागे पडदा लावलेली खोली. आम्ही एकमेकींना चिमटे काढत, खुसखुसत आत चाललो होतो. पोरींनी हॉटेलात चहा प्यायचा म्हणजे त्या काळात केवढं धाडस. भट्टीजवळून जाताना मी बघितलं. उकळत्या चहाच्या शेजारी, ओट्यावर, काठाला पोचा आलेली एक पितळी किटली. मी थांबले. ठिपक्याठिपक्यांचं नाव होतं तिच्यावर. 'या' खाली घसरलेला.

मालक दस्तगीरभाई स्वतः कप घेऊन आत आला. मॅडम म्हणाल्या, "चहा दाट आहे हो तुमचा."

"आमच्यात पावडरीचं दूध न्हाय मॅडम," तो खुशीत म्हणाला. "पैलवानाच्या घरचं म्हशीचं दूध हाय. रोज सकाळी ताजं येतंय. भांडंसुद्धा आमचा पोरगा घासून परत देतोय."

"बघ शालन," मॅडम हसून म्हणाल्या, "असं दूध पाहिजे तुला. घे, माझ्यातला अर्धा घे अजून."

आणि त्यांनी आपल्या कपातला चहा माझ्या बशीत ओतला.

मी तो प्याले. काय करणार होते? चहा चांगला होता. आल्याचा, साखरेचा, वर साईचा तवंग. आमच्या म्हशीच्या दुधाची चव मला त्या परक्या बशीत पहिल्यांदा नीट कळली. शेजारच्या पोरी कुठल्यातरी प्राध्यापकांची नक्कल करत होत्या आणि मी हसत होते. बाहेर पडल्यावर तालमीसमोर उभी राहिले. बायकांनी उंबरा ओलांडायचा नाही, म्हणून रस्त्याच्या पलीकडे. आतून शड्डू ठोकल्याचा आवाज येत होता. त्यातला दादाचा कुठला ते मी पूर्वी ओळखायची. त्या दिवशी मी ओळखायचा प्रयत्न केला नाही. टाऊन बसने घरी आले आणि पोट दुखतंय सांगून पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा सायकलला दुसरी किटली अडकवत होते. हॅंडलला फडकं गुंडाळायचे ते, किटली हिंदकळू नये म्हणून. मी दारात उभी राहून बघत होते. त्यांना सांगावंसं वाटत होतं. "थंडी हाय, आत जा," ते म्हणाले आणि निघाले.

संक्रांतीला दादा एका दिवसासाठी घरी आला. त्याचं अंग बदललं होतं. दंड कुणीतरी कोरून काढल्यासारखे, छाती उंच. आई ओवाळताना त्याच्याकडे डोळे भरून बघत होती. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "अनुसयाबाई, दूध अंगाला लागलं बघा पोराच्या." मी त्याची पिशवी धुवायला घेतली. लंगोट, चादर आणि तळाला एक पत्र्याचा डबा. डब्यावर परदेशी माणसाचं चित्र, तेल लावलेलं चकचकीत अंग, दात दाखवून हसणारा. झाकण चमच्याच्या दांड्याने उघडावं लागलं. आत पिवळसर पावडर. शहरात तेव्हा लोखंडी वजनांची एक नवी व्यायामशाळा निघाली होती, भिंतीला मोठे आरसे लावलेली, आणि तिथला माणूस असले डबे मुंबईहून आणून देतो हे मी ऐकून होते. तालमीतली काही पोरं चोरून तिकडे जायची.

मी चिमूट घेतली. जिभेवर ठेवली. टाळूला चिकटली. आणि मी न्हाणीघरात, ओल्या कपड्यांच्या ढिगात, माझ्या शाळेच्या ओसरीवर जाऊन उभी राहिले. तीच गुठळी. तेच लाकडी डावाने ढवळलेलं दूध, वर थोडी साखर आणि कसलातरी वास. दादा आमच्या म्हशीचं दूध चहावाल्याला घालत होता आणि त्याच्या पैशात दुधाचीच भुकटी विकत आणत होता. बाकीची पोरं भिंतीकडेला ओतून द्यायची ती. माझ्या वाट्याची.

मला रडू आलं नाही. मला इतका राग आला की हातातलं धुणं मी आपटून आपटून फाडलं असतं. फसवलं होतं मला. माझ्या घोटांची चोरी झाली असती तर मी सोसलं असतं. पण ते घोट मी स्वतःहून सोडले होते, हसत सोडले होते, त्या खांद्यांसाठी. आणि त्या खांद्यांना ते नकोच होते.

दादा परत गेल्यावर मी चुलीपाशी गेले. आई भाकऱ्या थापत होती.

"आई, दादा दूध पीत न्हाय. चहाच्या हाटेलात घालतोय."

थापायचा हात थांबला नाही. "ठावं हाय मला," ती म्हणाली.

"ठावं हाय?"

"किटली घासून येती की गं. पैलवानानं कधी भांडं घासलंय व्हय? ह्यो नुसतं पाणी फिरवून देणार. ही राखंनं लख्ख घासून येती. पयल्यांदा आली तवाच वळखलं मी, दूध दुसऱ्याच्या चुलीवर चाललंय म्हणून."

"मग आबांना का सांगितलं न्हाईस?"

"त्यांचा जीव हाय त्या सायकलीवर. मोडायचा कशाला?"

"आणि मला? मी मागितलं हुतं की तुला. पेलाभर मागितलं हुतं."

आईने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. मग माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता, लाजही नव्हती. तिला खरोखरच प्रश्न कळला नव्हता.

"तू काय करणार हुतीस दूध पिऊन?" ती म्हणाली. "लोखंडाचा गोळा फेकणार आणि परत जाऊन उचलून आणणार. तुला कोण फेटा बांधणार हाय, शाले?"

भाकरी टम्म फुगली. तिने ती माझ्या ताटात टाकली आणि बाजूला बेरी वाढली, नेहमीपेक्षा जास्त, वर साखर भुरभुरवून. मी ती खाल्ली. त्या वयात भूक फार लागते.

निवडीच्या दिवशी मैदानावर धुकं होतं. पहिला गोळा चांगला गेला. दुसरा बरा. तिसऱ्याला खांद्यातून जोर यायचा तो आलाच नाही. वीतभर कमी पडला. तेवढ्यासाठी दुसरी पोरगी गेली. मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सांगितलं होतं ना खुराक वाढव म्हणून." मी मान हलवली. दूध मिळालं असतं तर मी निवडली गेलेच असते असं मी शपथेवर म्हणणार नाही. कदाचित तरीही वीतभर कमी पडले असते. पण मग ती माझी वीत असती.

आणि दादा जिंकला. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण गोष्टीला सोयीचं झालं असतं तो हरला असता तर. पावडरीवर फुगला आणि दमात कमी पडला, असं सांगता आलं असतं. तसं झालं नाही. जत्रेच्या मैदानात त्याने समोरच्याला असा उचलून टाकला की हलगीवाल्याचे हात थांबले. गावाने त्याला खांद्यावर घेतला. घरी येऊन त्याने भरजरी फेटा आईच्या पदरात टाकला आणि सगळं गाव म्हणालं, ही अनुसयाबाईच्या दुधाची कुस्ती. आईने दोन्ही हातांनी पदर धरला होता. ती रडत होती. तिने सगळ्यांकडे बघितलं, फक्त माझ्याकडे बघितलं नाही.

जत्रा झाली. आता सगळं दूध माझं होतं. पण म्हैस आटली होती. तिचे दिवस भरत आले होते, आटणारच होती, त्यात कुणाचा दोष नाही. ती परत व्याली तोवर गारगोटीचं स्थळ आलेलं होतं.

इतकी वर्षं झाली. घरातलं अन्न चांगलं की डब्यातली पावडर, हा वाद मी आता मुलांकडून, नातवंडांकडून, टीव्हीवरच्या डॉक्टरांकडून ऐकते. दोन्हीकडची माणसं हिरिरीने बोलतात. कडधान्यं मोजतात, अंडी मोजतात, चमचे मोजतात. मला त्या वादात पडावंसं वाटत नाही. दूध चांगलंच आहे, हरभरे चांगलेच आहेत आणि वैष्णवीचे सर सांगतात तेवढी पावडरही वाईट नसेल. पण घरचं सकस अन्न म्हणून जेव्हा कुणी डोळे मिटून बोलायला लागतं, तेव्हा मला विचारावंसं वाटतं, की बाबा, ते कुणाच्या ताटात होतं? त्या घरात आणखी कोण जेवत होतं?

दादाचं मी समजू शकते. तरणाताठा होता, आरशात स्वतःला बघितलं होतं त्याने. नव्या डब्यावरचा तेलकट माणूस त्याला वस्तादांपेक्षा खरा वाटला असेल. घरी सांगायची हिंमत झाली नसेल, कारण सांगायचं कुणाला, भुवयांवर दंव घेऊन येणाऱ्या बापाला? आईचं मात्र मला अजून समजत नाही. कधीकधी वाटतं, ती स्वतः जन्मात घोटभर दूध प्याली नव्हती, म्हणून माझं न पिणं तिला दिसलंच नसेल. हे कळतं मला. कळून राग जात नाही. ती गेली तेव्हा मी धाय मोकलून रडले, आणि रडतानाही तिच्यावर रागावलेलीच होते.

यंदा मैदानाच्या आदल्या दिवशी मंडळाची पोरं घरी आली. जुन्या पैलवानांना मानाचा फेटा बांधायचा आणि मिरवत न्यायचं असा दर जत्रेचा शिरस्ता. अंगणात खुर्च्या मांडल्या. दादा मधोमध. आणि दरवर्षीसारखं त्याचं बोलणं सुरू झालं. आमच्या वेळचा खुराक, आईच्या हातच्या धारा, आबांची सायकल. मी बायकांच्या घोळक्यात पायरीवर बसले होते. हे भाषण मला पाठ आहे. कुठे आवाज चढणार, कुठे मांडीवर थाप पडणार, सगळं.

"वैष्णे, ती किटली आण," दादा म्हणाला.

किटली त्याच्या शोकेसमध्ये असते, चांदीच्या गदेशेजारी. वैष्णवीने ती आणून त्याच्या हातात दिली. त्याने नावावरून अंगठा फिरवला. "ही बघा. हिच्यातनं यायचं दूध. माझ्या आईचं नाव हाय हिच्यावर. आता ही आमची नात, पावडर खाती. मी सांगतोय तिला, टाकून दे. आमच्या टायमाला थेंब वाया गेला न्हाय ह्यातला. खोटं वाटत आसंल तर आमच्या शालनला इचारा. तिनं डोळ्यांनी बघितलंय."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. वैष्णवीनेही. तिच्या चेहऱ्यावर मला एक ओळखीची गोष्ट दिसली. ती माझ्यावर विश्वास ठेवून उभी होती.

"व्हय," मी म्हणाले. "थेंब वाया गेला न्हाय. मी बी प्यालेय त्यातलं. तालमीच्या कोपऱ्यावर, दस्तगीरभाईच्या हाटेलात, चहातनं. ही किटली हुती तिथं, भट्टीच्या शेजारी."

पोरं हसली. त्यांना वाटलं, म्हातारी काहीतरी गमतीचं बोलते. दादा हसला नाही. अंगठा 'या'वर थांबला होता. खुर्चीतून पायरीकडे झुकून त्याने फक्त मला ऐकू येईल अशा आवाजात विचारलं,

"कवापासनं ठावं हाय तुला?"

"त्याच हिवाळ्यापासनं. आईला तर माझ्याबी आदीपासनं."

"आईला?"

"व्हय. तुझा फेटा पदरात घेतला तवा बी ठावं हुतं तिला."

त्याने किटली मांडीवर ठेवली आणि मान खाली घातली. फेटा बांधणारा पोरगा मागे जरीचं कापड ताणून धरून उभा होता, "अण्णा, वर बघा की जरा," म्हणत होता. पण दादाचं डोकं काही वर येईना.